वर्गाच्या ग्रुपवरची टिंगल: शाळेने लक्ष घालायचं की नाही?

वारजेची_मावशी
भाचा सातवीत आहे. बोलताना अडखळतो, 'क' आणि 'प' आले की जास्तच. मराठीच्या बाईंनी कविता पाठ करून तिचा ऑडिओ वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितला, त्याने टाकला. कुणीतरी त्यातलं नेमकं अडखळणं कापून, मागे ढोल लावून क्लिप केली आणि मुलांच्या वेगळ्या ग्रुपवर फिरवली. त्या ग्रुपवर बाई नाहीत. आता हा व्हॅनमध्ये चढला की मागच्या सीटवरून ती वाजते. व्हॅनवाले काका म्हणतात, पोरं आहेत, चालायचंच.

ताईने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, तर तिथे 'मस्करी होती हो' विरुद्ध 'हेच का संस्कार' अशी जुंपली. शाळा म्हणते, हे मोबाईलवर आणि व्हॅनमध्ये घडलं, तुम्ही पालक आपसात मिटवा.

माझ्या मते हे शाळेचंच काम आहे. गृहपाठ शाळेचा, ऑडिओ मागवला शाळेने, आणि सकाळी ही सगळी पोरं शेजारशेजारच्या बाकांवर बसणार. आपसात मिटवायला गेलेल्या पालकांनी काय दिवे लावले ते दिसलंच.

शनिपार_जुना
पटलं नाही. आमच्या वर्गात चष्मेवाला, जाड्या, बोबड्या सगळे होते आणि सगळ्यांना नावं होती. मोठी माणसं मध्ये पडली की त्या पोरावर 'चुगलखोर' हा आणखी एक शिक्का बसतो. शाळेत तक्रार करून मोकळे व्हाल, पण मधल्या सुट्टीत तो एकटाच असणार. त्याला एक चोख उत्तर शिकवा, एक सख्खा मित्र जोडून द्या. बाकी आपोआप थंड होतं.

आंबेगावकर
@शनिपार, तुमच्या वेळी घरी येऊन दप्तर टाकलं की सुटका होती. ही क्लिप रात्री अकरालाही वाजते, आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नाही त्या दुसऱ्या तुकडीतही वाजते. चोख उत्तर द्यायचं कुणाला? आणि अडखळणाऱ्या मुलाला 'चोख उत्तर दे' हा सल्ला जरा विचार करून द्यावा.

दोन_मुलांचा_बाप
मुळात बारा वर्षांच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅप कशाला? कंपनीचाच नियम किमान १३ वर्षांचा आहे. फोन काढून घ्या, विषय संपला.

वारजेची_मावशी
@दोन_मुलांचा_बाप, फोन ताईचाच आहे. शाळा गृहपाठ त्याच्यावरच पाठवते, काढून घेऊन ठेवू कुठे? शिवाय त्रास सांगितला की फोन जातो हे पोरांना एकदा कळलं की पुढच्या वेळी ती सांगतच नाहीत. भाच्याने आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, ते याच भीतीने.

कोर्टकचेरी
दोन गोष्टी. आधी पुरावा. 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं की हातात काही राहत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा आणि क्लिप एका फोनवर जपून ठेवा. पुढे मात्र पाठवू नका, पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नाही. दुसरं, इथे लवकरच कुणीतरी 'पोलिसांत द्या' म्हणेल. समोरची मुलंही बारा-तेराचीच आहेत; गुन्हा ठरलाच तर प्रकरण येरवड्याच्या बाल न्याय मंडळाकडे जाईल. या क्लिपसाठी ते टोक नको. नग्न किंवा तसे जोडलेले फोटो, धमक्या, पैशांची मागणी असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिथे मूल स्वतःही फोन करू शकतं.

खडूफळा
मी शिक्षिका आहे, आणि शाळेची बाजू घ्यायचा मोह आवरते. वर्गात साठ मुलं, समुपदेशक आठवड्यातून एकदा, तेही असले तर. तरीही 'शाळेबाहेर घडलं' ही पळवाट आहे.

पण शाळेने लक्ष घालायचं म्हणजे काय, ते आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी दोघांना स्टाफरूमबाहेर समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हण, हात मिळव' एवढंच होतं. त्यात त्रास देणाऱ्याला प्रेक्षक मिळतात आणि सोसणारा पुन्हा सगळ्यांदेखत लहान होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, तक्रार कुणी केली ते फोडायचं नाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारायचं. हे शेवटचं आम्ही हमखास विसरतो.

दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाच्या कामावर उभी राहिलेली, शाळेतल्या छळाविरुद्धची मोहीम नॉर्वेने १९८३ मध्ये देशभर राबवली. छळाची त्याची व्याख्या अशी: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि समोरच्याला प्रतिकार जड जावा असं. 'एकदाच तर टाकली क्लिप' म्हणणाऱ्या पालकांना मी विचारते, फॉरवर्ड किती वेळा झाली? फिनलंडची 'किवा' पद्धत तर बघ्यांवरच भर देते. मागच्या सीटवर क्लिप वाजवणारा एक असतो, हसणारे पाच. त्या पाचांतले दोघं गप्प बसले तरी मजा निम्मी होते.

शनिपार_जुना
फिनलंडच्या वर्गात साठ पोरं नसतात, बाई.

खडूफळा
नसतात. पण साठांतल्या पाचांशी बोलायला एक ऑफ तास पुरतो.

वारजेची_मावशी
मंगळवारी मुख्याध्यापिकांनी वेळ दिली आहे. भाच्यालाच विचारलं, काय व्हायला हवं? माफी-बिफी नको म्हणाला. क्लिप सगळ्यांच्या फोनमधून जाऊ दे आणि पुढची कविता फक्त बाईंना पाठवू दे, एवढंच. व्हॅनमध्ये त्याला काकांच्या शेजारी, पुढे बसवायला सांगणार आहोत.

शनिपार_जुना
पुढे बसवलंत की 'काकांचं बाळ' म्हणतील. लिहून ठेवा.

खडूफळा
हे मात्र खरं. त्याला त्याच्या जागेवरच राहू द्या. काकांना सांगा, क्लिप वाजवणाऱ्याला पुढे घ्या.