दुसरीतल्या पोराला सातवीचं गणित: शिकवावं की थांबावं?

आडवाटेचा
लेक दुसरीत आहे, सेमीत. दिवाळीच्या सुट्टीत लिफ्टमधून सुरुवात झाली. आमच्या इमारतीला दोन तळघरं आहेत, त्यामुळे बटणं आहेत वजा १ आणि वजा २. सहज विचारलं, तिसऱ्या मजल्यावरून पाच मजले खाली गेलो तर कुठे? बटणांकडे बघत म्हणाला, "वजा दोन, गाडीपाशी." तिथून जे सुटलो ते आता सहावीचं पुस्तक संपवून सातवीच्या बैजिक राशींपर्यंत आलोय. रात्री जेवणानंतर अर्धा तास. जबरदस्ती नाही, वही तोच घेऊन येतो. बायको म्हणते, पुढे वर्गात जांभया देत बसेल. मी म्हणतो, भूक आहे तर वाढायला काय हरकत? तुम्हाला काय वाटतं?

शाळामास्तरीण
दादा, २३ वर्षं गणित शिकवतेय, म्हणून जरा स्पष्ट बोलते. त्याला ३क्ष + ५ = २० द्या. क्ष = ५ झटकन काढेल. मग विचारा, पाच पलीकडे गेल्यावर वजा का झाला? "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" असं म्हणाला तर पाठ झालंय, समजलेलं नाही. दोन्ही बाजूंतून पाच काढले, तराजू तसाच राहिला, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. आणखी एक करा. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, ते विचारा. दोन पंचमांश म्हणाला तर सातवीचं पुस्तक कपाटात ठेवा. आठवीतल्या मुलांच्या वह्यांतही मला हे दोन पंचमांश दर वर्षी भेटतात. वरच्या वर्गांना काहीजण 'घरी पुढचं करून घेतलेली' येतात, त्यांची ही भोकं बुजवताना जीव जातो.

तिरकस
मॅडम, आणि शाळा जी भोकं पाडते त्यांचं काय? मला वडिलांनी चौथीत क्ष शिकवला. वयवारीचं गणित मी त्याने सोडवलं. उत्तर बरोबर, तरी सरांनी लाल शाईने लिहिलं, "हे अजून शिकवलेलं नाही." शून्य मार्क. त्या वर्गात बसून मी गणित शिकलो नाही, गप्प बसायला शिकलो. आणि 'लवकर' म्हणजे कधी हो? माझे आजोबा पावकी, निमकी, दिडकीच काय, औटकीसुद्धा घडाघडा म्हणायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! तेव्हा कुणी बालपण हरवल्याची ओरड करत नव्हतं.

शाळामास्तरीण
औटकी दुकानात लागायची. शेर, पावशेर मापं पोरांच्या हाताखालून जायची. साडेतीन म्हणजे किती, हे पाढ्याआधी डोळ्यांना माहीत असायचं. शून्य देणाऱ्या सरांची बाजू मात्र मी घेणार नाही. चुकलंच त्यांचं.

गच्चीवरून
गणितज्ञ टेरेन्स ताओचं काय मग? तेराव्या वर्षी, १९८८ मध्ये, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं सुवर्णपदक. दुसरीत थांबवला असता तर?

ठाणेकर
आला ताओ! अशा धाग्यात तो दहा प्रतिसादांच्या आत येतोच. अहो, त्याला गणितासाठी वरच्या वर्गात बसवायचे आणि बाकी काही विषयांना वयाच्या जवळच्या मुलांत. सरसकट पुढे ढकललं नव्हतं. आणि ऑलिंपियाडचंच म्हणाल तर तिथे कॅल्क्युलस लागतच नाही. संख्या सिद्धांत, भूमिती, मोजणी, थोडं बीजगणित. बारावीचं पुस्तक आधी संपवलेलं पोर तिथे गार पडतं, कारण ओळखीचा ठोकळा दिसत नाही.

आडवाटेचा, पुढे पळण्यापेक्षा आडवं जा, नाव सार्थ करा. आपले देवळालीचे कापरेकर मास्तर माहीत असतीलच, ६१७४ वाले. त्यांच्या त्या चार अंकी खेळाचा धाकटा भाऊ तीन अंकी आहे. सगळे अंक सारखे नसलेली तीन अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. फिरून फिरून ४९५ वर येता. हातच्याची वजाबाकी आली की पुरे.

तिरकस
गंमत म्हणून ठीक. पण ज्याला समीकरणं आवडतात त्याला वजाबाक्या करायला बसवणं म्हणजे पोहणाऱ्याला बादलीत उभं करणं.

आडवाटेचा
चार दिवसांनी येतोय. आधी मास्तरीणबाईंची परीक्षा. पाच वजा का झाला, तर उत्तर आलं, "तुम्हीच सांगितलं होतंत ना!" म्हणजे नापास, आणि तो नाही, मी. दोन पंचमांशही आलेच. पोळीचे तुकडे करून बघितले तेव्हा स्वतःच म्हणाला, "हे अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं?"

मग ठाणेकरांचा खेळ. त्याने २११ घेतली. २११ वजा ११२, आले ९९. अडला. "तिसरा आकडा कुठाय?" पुढे शून्य धर म्हटलं. मग ९९० वजा ९९ म्हणजे ८९१, पुढे ७९२, ६९३, ५९४, आणि ४९५. जागेवरून उठून नाचला. पण खरी मजा दुसऱ्या दिवशी. वहीत सात-आठ संख्या करून आला आणि म्हणाला, "बाबा, मधे नेहमी नऊच येतो. का?"

मला तोंडी सांगता येईना. शेवटी कागदावर अ, ब, क मांडले. १००अ + १०ब + क मधून उलटी संख्या वजा केली, राहिलं ९९ × (अ − क). मग ९९चा पाढा लिहायला लावला: ०९९, १९८, २९७... मधली उभी ओळ सगळी नऊंची. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, "म्हणजे ब उगाचच लिहिला होता?"

तिरकस
म्हणजे शेवटी बीजगणितच वाढलंत ना, दुसरीत?

शाळामास्तरीण
वाढलं, पण त्याने 'का' विचारल्यावर. आता त्याला विचारा, ब गेला कुठे. सातवीचं पुस्तक नंतर.

आडवाटेचा
विचारतो. बाकी बायकोचा मुद्दा राहिलाच. काल त्याने वर्गात खरंच मोठ्ठी जांभई दिली. बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय, सही माझी मागितलीय.