नानकटाई: वसुबारसेच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर

ओवीची आई, ए-१०४ (सकाळी ९:१०)
नमस्कार मंडळी. दिवाळीला घरी बिस्किटं करायची म्हणून ओवी आठवडाभर मागे लागली होती. काल व्हिडिओ बघून केली. ट्रेमध्ये बारा गोळे ठेवले आणि वीस मिनिटांनी बाहेर आली ती एकच मोठी तेलकट पोळी. रडत रडतच झोपली. मैदा, साखर मोजून घेतली होती, तूप वितळवून घातलं होतं. काय चुकलं असेल?

सुलभाकाकू, बी-३०२
अगं, तूप वितळवलंस तिथेच चुकलं. नानकटाईला घट्ट, रवाळ तूप लागतं. घट्ट तूप आणि पिठीसाखर फेसताना त्यात हवा भरते, म्हणून ती खुसखुशीत होते. पातळ तुपात हवा राहत नाही, आणि ओव्हनमध्ये मैदा आळायच्या आत तूप सुटून गोळा पसरतो. त्यात सध्याचा उकाडा. सकाळी बरणीत घट्ट असलेलं तूप दुपारी पाणी होतं. आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, मगच फेसायला घे. गोळे वळून झाले की ट्रेसकट पुन्हा पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये.

ओवीला सांग, तिचं काही चुकलं नव्हतं.

अर्णवचे बाबा, ए-४०३
काकू, प्रमाण टाकाल का? आमच्याकडेही हट्ट सुरू आहे.

सुलभाकाकू, बी-३०२
टाकते. सगळं एकाच वाटीने मोजा.
घट्ट तूप १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, मैदा २ वाट्या, बेसन अर्धी वाटी, बारीक रवा ३-४ चमचे, खायचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि थोडं जायफळ.
तूप-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसा. हे काम मुलांना द्या, रंग बदलताना बघून त्यांना फार मजा वाटते. मैदा, बेसन आणि सोडा एकत्र चाळून थोडं थोडं घाला. सगळं पीठ घालायलाच हवं असं नाही, गोळा वळता आला की थांबा. लिंबापेक्षा जरा लहान गोळे केले तर तीसेक होतात. मधे दोन बोटांचं अंतर ठेवा. ओव्हन आधी दहा मिनिटं १७० वर तापवून घ्या, मग १५ ते १८ मिनिटं.
आणि बाहेर काढल्यावर बोटाला मऊ लागतात म्हणून कच्च्या समजून परत आत ठेवू नका. गार झाल्यावरच त्या कडक होतात. खालची कड बदामी दिसली की झालं.

अर्णवचे बाबा, ए-४०३
ओव्हन नाही आमच्याकडे. मायक्रोवेव्ह आहे, साधा.

सुलभाकाकू, बी-३०२
साध्या मायक्रोवेव्हमध्ये नाही होणार, कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणारा लागतो. जुना कुकर असेल तर बघा. रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा, तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटली ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. कुकर जुनाच घ्या, रिकामा तापवल्याने भांडं खराब होतं. मीठ फेकून देऊ नका, पुढच्या खेपेला चालतं. ताटली आत ठेवणं आणि बाहेर काढणं मोठ्यांनीच करायचं.

नानाकाका, सी-२०१
आमच्या लहानपणी ओव्हन कुणाच्याच घरी नव्हता. आई रवा, मैदा, साखर, डालडा पिशवीत भरून द्यायची आणि आम्ही भावंडं गल्लीच्या टोकाच्या बेकरीत जायचो. पहाटेचे पाव निघाले की भट्टी थोडी निवायची, त्या उतरत्या आचेवर नानकटाई भाजायची. आमच्यासमोरच लाकडी टेबलावर पीठ फेसलं जायचं. पत्र्याच्या ट्रेवर प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी असायची. आमच्या दोघांत ठरलेलं असायचं, ट्रे आपलाच आहे ना यावर एकाने नजर ठेवायची. घरी येईपर्यंत डबा इतका गरम असायचा की बाहीने धरून आणावा लागायचा.

ओवीची आई, ए-१०४
काका, किती सुंदर! 🙏 काकू, एक विचारू? ओवी मळत बसते आणि सारखी पिठात बोट घालून चाटते. चालेल ना?

सुलभाकाकू, बी-३०२
चाटू देऊ नकोस, मैदा कच्चा असतो, पोट बिघडू शकतं. आणि पोळीच्या कणकेसारखं मळूही देऊ नकोस. जास्त मळलं की मैद्याला चिवटपणा येतो, मग नानकटाई कडक होते. तळहाताने नुसतं दाबून गोळा जमवायचा.

आता एक मनातलं. मुलांनी वळलेला गोळा आपण परत नीट करू नये. गेल्या वर्षी नातवाने एक गोळा अंगठ्याने दाबून खोलगट केला होता. मी न सांगता तो वळून गोल केला. भाजून आल्यावर तो अख्खा ट्रे शोधत राहिला, "आजी, माझा अंगठा कुठे गेला?" मला काय बोलावं कळेना. त्याने त्या दिवशी एकही खाल्ली नाही. वाकडी असली तरी चव तीच असते, हे मला साठीत कळलं. तू ओवीला काट्याने ठसे उठवू दे, पिस्ता लावू दे, कशीही होऊ दे. फक्त बाहेरच्या मुलांना द्यायच्या असतील तर सुकामेवा चालतो का ते त्यांच्या आईला विचारून घे.

सचिव, सोसायटी
ओव्हनचा प्लग एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका. १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, कृपया.

ओवीची आई, ए-१०४ (संध्याकाळी ५:४०)
[फोटो]
सोळा गोळे, सोळा नानकटाया! तूप फ्रिजमधलं घेतलं. एकीवर काट्याच्या रेघा आहेत, एक चांदणी आहे म्हणते, आणि दोन कडेला चिकटल्यात, त्या जुळ्या आहेत म्हणून तोडू देत नाही. मी एकीलाही हात लावला नाही.

सुलभाकाकू, बी-३०२
शाब्बास ओवी! ❤️ पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस हं, नाहीतर वाफ धरून मऊ पडतील.

नानाकाका, सी-२०१
चहा टाकतो. जुळ्या आणि तिला घेऊन या.

ओवीची आई, ए-१०४
येतोय काका. डब्यात भरायला किती राहतील कुणास ठाऊक, अर्णव खाली आलाय आणि गरमच खातोय.