मदत हवी आहे: आठवीच्या वर्गात जुनं चित्रीकरण आणि सिनेमा कसा वापरावा? आणि ज्या घटनेचा व्हिडिओच नाही तिचं काय?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

मी उरण तालुक्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. गेल्या वर्षी वर्गात मोठा टीव्ही आला. नेट कधी असतं, कधी नसतं, म्हणून व्हिडिओ घरून पेन ड्राइव्हवर नेते. तासिका ३५ मिनिटांची. हजेरी होऊन टीव्ही सुरू होईपर्यंत त्यातली सात-आठ गेलेली असतात.

आठवीला सविनय कायदेभंग शिकवताना दांडी यात्रेचं जुनं मूक चित्रीकरण दाखवलं, जेमतेम दोन-अडीच मिनिटांचं. आमच्याकडची बरीच मुलं मिठागरात राबलेल्या घरांतली. लोक मीठ गोळा करतात तो भाग आला आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, परत मागे घ्या." घेतलं. टीव्हीजवळ येऊन त्याने बोट ठेवलं. "यात चिखल हाय. असलं मीठ आमच्या आजीने भरलंच नसतं." वर्षभरात तो आपणहून बोलल्याचं मला आठवत नाही. मग मी सांगितलं, की ते मीठ बाजारात न्यायचं नव्हतंच. सरकारला कर न देता मीठ गोळा करणं हाच गुन्हा होता, त्यामुळे कायदा मोडायला चिखलातलं मूठभर मीठही पुरत होतं. हे त्याला जसं समजलं, तसं पुस्तकातल्या चार ओळींवरून समजलं नसतं. त्या दिवसापासून मला या माध्यमाची ओढ लागली आहे.

पण पुढच्याच आठवड्यात चूक झाली. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातला गुजरातच्या धारासना मिठागरावरच्या सत्याग्रहाचा प्रसंग हिंदीतून दाखवला. सत्याग्रही रांगेने पुढे जातात, लाठ्या खातात, पडतात, पुढची रांग येते. वर्ग एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता. एक मुलगी रडत होती. तास उत्तम झाला असं समजून मी घरी आले.

सहामाहीत प्रश्न घातला: धारासनाची बातमी जगापर्यंत कोणी पोचवली? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, "वॉकर." वॉकर हे सिनेमातलं पात्र आहे. खरा बातमीदार युनायटेड प्रेसचा वेब मिलर. त्याच्यावरून ते पात्र रचलं, हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. काहींनी तर गांधीजींनाच धारासनाला नेऊन ठेवलं. गांधीजींना ५ मे १९३० ला अटक झाली होती, धारासनाचा सत्याग्रह २१ मेचा, आणि नेतृत्व सरोजिनी नायडूंचं. मी तोंडी शिकवलेलं मुलं विसरली आणि पाच मिनिटं पाहिलेलं तेवढं त्यांच्याजवळ राहिलं. गुण कापताना मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्यांची नव्हती.

आता खरी अडचण. चिरनेर आमच्यापासून लांब नाही. २५ सप्टेंबर १९३० चा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीच्या माळावरचा गोळीबार, हे मुलांच्या घरातलं आहे. दांडीचं चित्रीकरण पाहिल्यावर एका मुलीने विचारलं, "बाई, आता चिरनेरचा व्हिडिओ लावा ना." मी म्हटलं, नाही. तर ती म्हणाली, "म्हणजे तेवढं मोठं नव्हतं का ते?"

हा प्रश्न मला झोपू देत नाही. शोधले तेव्हा चिरनेरच्या नावाने काही व्हिडिओ मिळाले. एकात निवेदन चिरनेरचं, पण मागे चित्रं दांडीची. दुसऱ्यात संगणकाने तयार केलेली चित्रं, सगळ्यांचे चेहरे सारखे आणि कपडे धड कुठल्याच मुलखाचे नाहीत. ते दाखवायला माझं मन घेत नाही.

अस्सल चित्रीकरण कुठे मिळेल? सिनेमातला प्रसंग दाखवायचा तर आधी आणि नंतर काय करता? आणि जिथे कॅमेरा गेलाच नाही तो इतिहास या टीव्हीच्या काळात मुलांसमोर कसा उभा करता? स्वतः वर्गात करून पाहिलेलं असेल तर जरूर लिहा.

जुनी_रीळ

बाई, तुमच्या विद्यार्थ्याने चिखल पाहिला तिथूनच सुरुवात करा. जुनं चित्रीकरण एकदा बघून संपत नाही, ते थांबवून वाचायचं असतं.

ब्रिटिश पाथे या जुन्या बातमीपट कंपनीने २०१४ मध्ये आपला सुमारे ८५,००० फितींचा साठा यूट्यूबवर खुला केला. त्यात भारताचं भरपूर आहे. मात्र या बातमीफिती विलायतेतल्या थिएटरात सिनेमाआधी दाखवायला कापलेल्या असत. कोणता प्रसंग ठेवला, मधल्या पाटीवर काय लिहिलं, यात त्यांची नजर दिसते. केंब्रिजच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राच्या संकेतस्थळावर इथे राहिलेल्या इंग्रज कुटुंबांचं घरगुती चित्रीकरण आहे. त्यात मोठ्या घटना कमी, पण नोकर, बाजार, रस्ते, बैलगाड्या मुबलक. आठवीच्या मुलांना मला तेच जास्त उपयोगी वाटतं. आपल्याकडचं म्हणाल तर फिल्म्स डिव्हिजन आणि प्रसार भारतीच्या संग्रहांचे यूट्यूब चॅनेल आहेत. दूरदर्शनवर १९८८ मध्ये सुरू झालेली 'भारत एक खोज' मालिका, ५३ भागांची, तिथे सापडेल. ती नाट्यरूप आहे हे मुलांना आधीच सांगा.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, आवाज. दांडी यात्रेचं चित्रीकरण मूक आहे. गांधीजी बोलताना दिसतात आणि ऐकूही येतात ती फॉक्स मूव्हिटोन या अमेरिकन बातमीपट कंपनीची मुलाखत १९३१ ची. दांडीच्या चित्रांवर भाषण, घोषणा किंवा गाणं ऐकू आलं तर ते कोणीतरी नंतर चढवलेलं. म्हणून आधी आवाज बंद करून दाखवा. काय दिसलं ते मुलांना वहीत लिहू दे, मग आवाज लावा. आवाजाने मत कसं फिरतं ते त्यांचं त्यांनाच कळतं.

दुसरी गोष्ट, नावावर भरवसा ठेवू नका. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात १८९९ ची एक फीत आहे, भारतातल्या उपलब्ध सर्वांत जुन्या चित्रीकरणांपैकी. नावात कलकत्ता आहे आणि दिसतात वाराणसीचे घाट. ही फीत मी मुलांना नाव न सांगता दाखवतो आणि गाव ओळखायला सांगतो. नाव नंतर सांगितलं की वर्गात जो गलका होतो, तो त्या दिवसाचा सगळ्यात चांगला भाग असतो.

सातारी_मास्तर

ताई, वॉकरचं प्रकरण वाया घालवू नका. त्या उत्तरपत्रिकाच पुढच्या तासाचं साहित्य आहेत.

मी सिनेमाचा प्रसंग धडा संपल्याशिवाय दाखवत नाही. आधी लेखी साधन, मग सिनेमा. धारासनाला तर तुमच्याकडे मिलरची बातमीच आहे. तिच्यातल्या सात-आठ ओळी सोप्या मराठीत करून प्रत्येक बाकावर एक कागद द्या. तो वाचून झाला की प्रसंग लावा, तीन मिनिटं, जास्त नाही. मुलांनी पेन्सिलने बातमीतलं जे पडद्यावर आलं त्याखाली रेघ मारायची आणि पडद्यावरचं जे बातमीत नाही ते समासात लिहायचं. वॉकर आपोआप समासात जाईल. मग विचारा, दिग्दर्शकाने नाव का बदललं असेल? आमच्याकडे एकाने उत्तर दिलं, "सर, खरं नाव घेतलं की खरंच बोलायला लागतं." सातवीतला मुलगा.

शिवकालावरच्या सिनेमांनाही हेच करतो. तिथे जरा जपून. मुलांच्या भावना गुंतलेल्या असतात, आणि "हे खोटं आहे" म्हटलं की पोरं कान बंद करतात. मी "हे आपल्याला कशावरून कळलं?" एवढंच विचारतो.

आणि त्या रडणाऱ्या मुलीचं. मारहाणीचा प्रसंग असेल तर मी आदल्या दिवशी सांगून ठेवतो आणि तासाची शेवटची दहा मिनिटं बोलायला राखतो. घंटा झाली म्हणून मुलं तशीच उठून गेली तर ते मनात तसंच राहतं.

खाडीकाठ

दोघांचे मनापासून आभार. आवाज बंद करून दाखवायचं मला सुचलंच नव्हतं. आणि समासात लिहिणं तर उद्यापासूनच करते. आठवीच्या पुस्तकात पहिल्याच पाठात दृक्-श्राव्य साधनं आहेत. तो पाठ मी दरवर्षी अर्ध्या तासात उरकते. यंदा तिथेच ती वाराणसीची फीत दाखवीन.

एक शंका. वर्गात सिनेमाचा तुकडा दाखवणं कायद्याने चालतं ना? मुख्याध्यापकांनी विचारलं आहे.

काळाकोट

शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक असे असतील तर चित्रपट दाखवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९३० च्या चित्रीकरणाची चिंता नको. फक्त वर्गात दाखवलेल्याचा व्हिडिओ करून शाळेच्या चॅनेलवर चढवू नका. ती सूट तिथे लागू होत नाही.

अक्कादेवीचा_माळ

बाई, मी त्याच भागातला, म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहितो.

त्या मुलीला सांगा, की कॅमेरा दांडीला गेला कारण तिथे काय होणार हे जगाला आधीच माहीत होतं. गांधीजींनी २ मार्चला व्हाइसरॉयला पत्र लिहिलं, १२ मार्चला साबरमतीहून निघाले आणि ५ एप्रिलला पोचले. छायाचित्रकारांना तयारीला महिना मिळाला. चिरनेरला लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलाचा कायदा मोडायला माळावर गेले, तेव्हा मुंबईहून कॅमेरा घेऊन कोण येणार होतं? व्हिडिओ नाही याचा अर्थ तेवढाच.

आता काय करता येईल ते सांगतो. मुलांना माळावर न्या. टीव्हीवर दांडी पाहिलेल्या मुलांना विचारा, इथे कॅमेरा असता तर तुम्ही तो कुठे ठेवला असता? पोलिसांच्या बाजूला, की लोकांच्या? आम्ही एकदा हे केलं. मुलं उंचवटा शोधत फिरली, झाडाआड उभी राहून पाहिली, आणि गोळीबार कुठून झाला असेल यावर भांडली. तेवढ्यात त्यांना ती जागा पाठ झाली.

मग फोन त्यांच्या हातात द्या. प्रत्यक्ष पाहिलेलं आता कोणी उरलेलं नाही, पण हुतात्म्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांच्याकडे बसून रेकॉर्ड करा. फोन आडवा धरायचा, पंखा बंद, सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, आणि "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" हा प्रश्न आधी. उत्तर "आज्याने" असेल तर तेही नोंदवायचं. घरच्यांची परवानगी लेखी घ्या.

गोळीबारात सत्याग्रहींबरोबर मामलेदार जोशीही गेले. मुलं विचारतातच, सरकारचा माणूस कसा मेला? वेगवेगळ्या घरांत याचं उत्तर वेगवेगळं मिळेल. मिळू दे. मुलांनी तीन घरांतलं रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐकलं, की साधनं तपासणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

खाडीकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "कॅमेरा कुठे ठेवला असता" हा प्रश्न मी त्या मुलीलाच पहिला विचारणार आहे.

ठरवलं ते असं. या महिन्यात वाराणसीची फीत, मग दांडी आवाजाशिवाय, मग धारासना मिलरच्या कागदासह. २५ सप्टेंबरला चिरनेरला स्मारकाजवळ कार्यक्रम असतो, गर्दी असते, म्हणून मुलांना त्याच्या आधीच्या शनिवारी माळावर नेते. तीन घरांशी बोलणी सुरू केली आहेत. त्यातल्या एका घरी गेले तर माझाच एक विद्यार्थी दारात उभा. तोच, चिखलातल्या मिठाचा. त्याच्या आजीला तिच्या सासऱ्यांनी सांगितलेलं आठवतं म्हणे. रेकॉर्डिंग तोच करणार आहे.

आता एकच मागणं उरलं. मिलरच्या बातमीसारखं चिरनेरचं त्या वेळचं लेखी काहीतरी मुलांच्या बाकावर ठेवता आलं तर फार बरं होईल. १९३० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचे केसरी किंवा नवाकाळचे अंक कोणी ग्रंथालयात पाहिले आहेत का? किंवा खटल्याची कागदपत्रं? एका पानाचा फोटो मिळाला तरी चालेल. उरण, पनवेल, अलिबाग, मुंबई, कुठेही मी स्वतः यायला तयार आहे. शनिवारी दुपारनंतर मोकळी असते.