हॉकिंग हिल्सची एकच वाट वर्षभर चालायची आहे, ८० डॉलरच्या आत बूट सुचवा

अबोली_कोलंबस
नमस्कार मंडळी. ओहायोत येऊन दोन वर्षं झाली. हॉकिंग हिल्स स्टेट पार्कला तीनदा गेले, तिन्ही वेळा पाहुण्यांना घेऊन. फोटो काढले, परत आलो. आता ठरवलंय की ओल्ड मॅन्स केव्हपासून सीडर फॉल्सवरून ॲश केव्हपर्यंतची सहा मैलांची वाट दर महिन्याला एकदा चालायची. येत्या ऑक्टोबरपासून पुढच्या सप्टेंबरपर्यंत, बारा वेळा.

माझे बाबा सांगलीहून दर रविवारी दंडोबाच्या डोंगरावर जायचे. वीस वर्षं तोच डोंगर. कुठला पळस आधी फुलतो, कुठल्या वळणावर पावसाळ्यात पाणी आडवं येतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. इथे माझी ओळखीची म्हणावी अशी एकही वाट नाही, ती करून घ्यायची आहे.

तर बूट हवेत. एकच जोड, चारही ऋतूंत चालेल असा. बजेट ८० डॉलर, त्याच्यावर जाणार नाही. जानेवारीत भारताचं तिकीट काढायचंय. माप बायकांचं ७, चवडा रुंद. वॉटरप्रूफ घ्यावेत का? शिवाय एप्रिलमध्ये आई येतेय, तिचे गुडघे दुखतात, तिला यातलं काय दाखवता येईल?

बकआयकर
बुटांवर पैसे वाचवू नका. मी २१० डॉलरचे पूर्ण चामड्याचे बूट घेतले त्याला अकरा वर्षं झाली. दोनदा सोल बदलून घेतला, वरचं चामडं अजून शाबूत आहे. ८० डॉलरवाले दर वर्षी नवे घ्यावे लागतात, हिशोब तुम्हीच करा. तिकिटाचे पैसे पुढच्या महिन्यात साठतील, पाय पुन्हा मिळणार नाहीत.

मुक्ता_क
चवडा रुंद असेल तर कीनचे टार्गी घ्या, दुसरं काही बघू नका. माझं करंगळीचं नख दोनदा काळं पडलं होतं, हे घेतल्यापासून एकदाही नाही. दीडशेच्या आसपास पडतात, पण सेल लागतो. आणि सुती मोजे घालून जाऊ नका, मरिनो लोकरीचे घ्या. ओले झाले तरी पाय गार पडत नाहीत.

सह्यभटक्या
पुण्याहून लिहितोय. एवढे पैसे कशाला? ॲक्शन ट्रेकिंग मागवून घ्या कुणाकडून तरी. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या पायात तेच असतात. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सगळं त्याच्यावर केलं. कातळाला असे चिकटतात की बघत राहावं.

घळवाट
अबोली, मी लोगन गावाच्या अलीकडे राहतो आणि ही वाट वर्षातून वीसेक वेळा तरी चालतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सह्यभटक्या, तुमच्या बुटांबद्दल आदर आहे, मीही ते वापरलेत. पण तुमचा कातळ बेसाल्टचा. इथे वालुकाश्म आहे, ब्लॅक हँड नावाचा. कोरडा असताना पकड उत्तम मिळते. ओला झाला की वर बारीक वाळू सुटते आणि त्यावर शेवाळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या सगळ्यावर पानांचा थर. पायरी कुठे संपते ते दिसत नाही. मी तिथे पाय आधी टेकवतो, मग वजन टाकतो. त्यामुळे सोलच्या खाचा खोल हव्यात, ही पहिली अट. बुटाची उंची वगैरे नंतर.

दुसरं, ओल्ड मॅन्स केव्हच्या घळीत वाट एकेरी आहे. बाण बघून चालायचं, मध्येच मागे फिरता येत नाही. सहा मैल हे एका बाजूचे आहेत. एक गाडी आधी ॲश केव्हला ठेवा, नाहीतर तेवढंच परत चाला. फोनला रेंज जवळपास नसते, घरी सांगून निघा. आणि कठडा नाही म्हणून कड्याच्या टोकावर फोटोला जाऊ नका. तिथून पडून माणसं गेली आहेत.

नंदूकाका
बाई, माझा अनुभव ऐका. बूट चांगले होते, नामांकित कंपनीचे, नाव लिहीत नाही. चार वेळा वापरले आणि सात वर्षं कपाटात डब्यात ठेवले. मुलगा म्हणाला चला, म्हणून काढले. दिसायला कोरे करकरीत. सीडर फॉल्सच्या पायऱ्या उतरताना उजव्या पायाचा सोल टाचेकडून सुटला आणि मगरीच्या तोंडासारखा उघडला. शंभर पावलांत डावाही गेला. मधला थर बोटांनी दाबला तर ओल्या बिस्किटासारखा भुगा. सुनेच्या केसांची रबरं आणि माझा मफलर बांधून वर आलो. नंतर कळलं, तो थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने न वापरताही आतून कुजतो. तेव्हा सेलमध्ये जुना पडून राहिलेला माल घेऊ नका. घ्याल ते वापरत राहा.

बकआयकर
म्हणूनच म्हणतो, सोल बदलता येणारे घ्या.

रेवा_सिन्सिनाटी
ज्या वाटेबद्दल हा धागा आहे तिचं नाव कुणीच घेतलं नाही. ती ग्रँडमा गेटवूड ट्रेल आहे. एम्मा गेटवूड ओहायोच्याच, अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्या एकट्या संपूर्ण ॲपालाचियन ट्रेल, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची लांबलचक डोंगरवाट, चालल्या. दोन हजार मैलांहून जास्त. एकटीने तो पूर्ण करणारी पहिली बाई. पायात काय होतं? कॅनव्हासचे साधे केड्स. खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, तंबूच्या जागी आंघोळीच्या मोरीचा प्लास्टिकचा पडदा. १९५७ मध्ये पुन्हा गेल्या. त्यांच्या नावाच्या वाटेवर २१० डॉलरचे बूट लागतात असं म्हणणं मला पटत नाही.

बकआयकर
रेवाताई, गेटवूडबाईंचा मलाही अभिमान आहे. पण त्या जन्मभर शेतात राबल्या होत्या. त्यांचे घोटे आणि ऑफिसात आठ तास बसणाऱ्यांचे घोटे सारखे नाहीत. केड्सचे कित्येक जोड वाटेत झिजले, तेही मोजा.

रेवा_सिन्सिनाटी
घोटा बुटाने नाही, चालून मजबूत होतो. मी दोन्ही बाळंतपणांनंतर साध्या रनिंग शूजमध्ये ही वाट चालले आहे. जानेवारीत तिथे दर वर्षी हिवाळी पदयात्रा निघते, पहिल्या काही वर्षांत गेटवूडबाई स्वतः लाल टोपी घालून पुढे असायच्या. आजही हजारो लोक येतात. बघा लोकांच्या पायात काय काय असतं ते.

पावसाळी_सिॲटल
वॉटरप्रूफ घ्याच. आमच्याकडे नऊ महिने पाऊस, आम्हाला विचारा. रेनियर पर्वताच्या पायथ्याला मी दिवसभर भिजत चाललेय, मोजे कोरडे. गोरटेक्सचं वॉटरप्रूफ अस्तर नसेल तर तो बूटच नाही.

घळवाट
सिॲटलचा पाऊस गार असतो. ओहायोच्या जुलैत दमटपणा असा की वॉटरप्रूफ बुटात पाय घामानेच भिजतो आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही. मी मे ते सप्टेंबर जाळीचेच घालतो, ते भिजतात आणि तासाभरात सुकतात. एकच जोड घ्यायचा तर कुठला ऋतू तुम्हाला जास्त अवघड जाईल त्यावर ठरवा. तुम्ही थंडीत नव्या आहात, तेव्हा वॉटरप्रूफ चालतील. जुलैत पाय उकडतील ते सोसायचं.

ऋतूंचं विचारलंत म्हणून. ऑक्टोबरचा मधला आणि शेवटचा आठवडा रंगाचा, पण शनिवारी सकाळी नऊनंतर पार्किंग मिळत नाही. मला स्वतःला नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आवडतो. ओक-मेपल उघडे पडतात आणि घळीत हेमलॉकची सूचिपर्णी झाडं तेवढी हिरवी राहतात. तेव्हा कळतं की इथे एकात एक दोन जंगलं आहेत. वर माथ्यावर ओहायोचं, खाली घळीत थेट कॅनडाचं. हिमयुगातली थंडी त्या घळींत अडकून राहिली आणि तिच्यासोबत ही झाडंही. सीडर फॉल्सला सीडरचं झाड नाहीच, पहिल्या वसाहतवाल्यांनी हेमलॉकला सीडर समजून नाव ठेवलं. हेमलॉकच्या फांदीची खालची बाजू उलटून बघा. सुयांच्या बुडाशी पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर ती लोकरी कीड. ती झाडं मारते, आणि हेमलॉक गेले तर घळीतली सावली जाईल, सावलीबरोबर ती थंडीही. मला या वाटेबद्दल सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारपासून आठवडाभर हरणांची बंदुकीने शिकार चालते. पार्कला लागूनच स्टेट फॉरेस्ट आहे, तेव्हा नारिंगी टोपी घाला.

जानेवारी-फेब्रुवारीत बूट कुठलेही असोत, बर्फावर सरकणार. २१० डॉलरचे सुद्धा. पायऱ्यांवर पाणी ठिबकून काचेसारखा थर होतो. त्याला बुटावर ओढून बसवायचे साखळीचे काटे लागतात, मायक्रोस्पाइक्स म्हणतात. ते वेगळे घ्यावे लागतील, त्यावाचून थंडीत घळीत उतरू नका. ॲश केव्हला तेव्हा वरून पडणारं पाणी खाली गोठत जातं आणि जमिनीतून बर्फाची पिंड वर येते. दर आठवड्याला थोडी उंच.

मुक्ता_क
वा घळवाट, काय लिहिलंत! मोज्यांचं मी वर म्हणलंच आहे, तेही जोडा.

देशमुख_डेटन
हॉकिंगच का पण? गर्दी फार. आमच्याजवळ क्लिफ्टन गॉर्ज आहे, तितकंच सुंदर. कोलंबसकरांना तर हायबँक्स पार्क घराजवळ पडतं. दर महिन्याला जायचं तर जवळचं बरं, पेट्रोल वाचेल, त्यात बूट येतील.

बकआयकर
क्लिफ्टन आणि हॉकिंगची तुलना होऊ शकत नाही.

देशमुख_डेटन
लिटल मायामी नदी तिथे चुनखडी कापत जाते. एकदा येऊन बघा, मग बोला.

सिस्टर_माई
मी नर्स आहे. बुटांचं राहू दे, गोचिडींचं कुणी का बोलत नाही? एप्रिल ते जुलै सगळ्यात वाईट, पण थंडीतही ऊन पडलं की त्या हलतात. काळ्या पायांची गोचीड लाइम नावाचा आजार पसरवते आणि तिची पिल्लं खसखशीएवढी असतात. पँट मोज्यात खोचा. बुटांवर आणि पँटवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फवारा, ०.५ टक्क्यांचं मिळतं, वाळवून मगच घाला. अंगाला लावायचं नाही. घरात मांजर असेल तर ओलं असताना तिला जवळ येऊ देऊ नका, तिच्यासाठी ते विष आहे. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले उद्योग नकोत.

आईंसाठी: ॲश केव्हची खालची वाट पाव मैल आहे, फरसबंद, चाकाची खुर्ची जाते. मी सासूबाईंना नेलं होतं. सातशे फूट रुंद दगडी छत आहे, त्याखाली बसून त्यांनी आरती म्हटली आणि आवाज असा घुमला की चार अनोळखी माणसं थांबून ऐकत राहिली. एप्रिलच्या उत्तरार्धात न्या, ट्रिलियमची पांढरी फुलं असतात. मागच्या कड्यावरच्या पायऱ्या मात्र त्यांना चढायला लावू नका.

नंदूकाका
काठी घ्या. दोन घ्या. उतरताना गुडघ्यावरचा भार कमी होतो.

ओजस_एन
मेरेल मोॲब. जगात सगळे तेच घालतात. सव्वाशेच्या आसपास असतील. मोजे चांगले घ्या.

अबोली_कोलंबस
सगळ्यांचे मनापासून आभार. घळवाट, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावलाय. माई, आईला ॲश केव्हचं सांगितलं, तिने आत्ताच विचारलं की तिथे समई लावू देतात का. नाही म्हणून सांगितलं.

८० डॉलरच्या आतलं मात्र पुण्याचे सोडले तर एकानेही सुचवलेलं नाही.

बकआयकर
कारण ८० डॉलरमध्ये येत नाहीत.

अबोली_कोलंबस (तीन आठवड्यांनी)
कळवायचं राहिलं होतं. शनिवारी संध्याकाळी दुकानात गेले, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात म्हणून मुद्दाम. टार्गी आणि मोॲब दोन्ही घालून पाहिले, टार्गी खरंच छान बसले. किंमत वाचून काढून ठेवले. तिथल्या मुलीने पायाकडे बघून विचारलं, मुलांच्या विभागात बघू का? बायकांचं ७ म्हणजे मुलांचं साधारण ५. मुलांच्या बुटांचा चवडा जरा रुंद असतो आणि किंमत निम्मी. घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ, सोलच्या खाचा बोटाचं पेर जाईल एवढ्या खोल. ५८ डॉलर. नाड्या भडक हिरव्या आहेत, त्या मला आवडल्या. मुक्ता, लोकरीचे मोजे १९ला मिळाले. ७७ झाले, टॅक्स धरून ८०च्या वर तीन-चार डॉलर गेले ते मान्य. साखळीचे काटे डिसेंबरच्या पगारात घेईन, आणि ते आल्याशिवाय घळीत उतरणार नाही, घळवाट, शब्द देते.

काल पहिली फेरी झाली. सकाळी साडेसातला निघालो, नवरा गाडी घेऊन ॲश केव्हला थांबला. सीडर फॉल्सच्या अलीकडे ओढ्याकाठी एका हेमलॉकची मुळं दगडाला मुठीसारखी धरून बसली आहेत, तिथे मी दहा मिनिटं थांबले. फांदी उलटून बघितली. ठिपके नव्हते. वहीत झाडाची जागा लिहून ठेवलीय, दर महिन्याला तेच झाड बघणार. एकदा पानांवरून पाय सरकला, पण बूट अडकला आणि मी उभी राहिले. डाव्या टाचेला थोडं घासलंय.

घळवाट
टाचेला आत्ताच टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. वरची दोन भोकं घट्ट आवळा, टाच हलणार नाही. ते झाड मला माहीत आहे.

बकआयकर
मुलांचे बूट मोठ्या माणसाच्या वजनाला टिकत नाहीत. मार्चमध्ये सांगा.

अबोली_कोलंबस
सांगते. पुढची फेरी नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. कुणाला यायचं असेल तर सकाळी सातला ॲश केव्हच्या पार्किंगमध्ये या. तिथे एक गाडी ठेवून बाकीच्यांनी ओल्ड मॅन्स केव्हला जायचं. डबा आपापला, थालीपीठं मी आणते.

सिस्टर_माई
मी येते. दही माझ्याकडे.