डी अँड डीमध्ये पार्टीतच जुंपली की तुम्ही काय करता? – अनुभव धागा

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम, आणि पार्टी म्हणजे त्यातली आपल्या कॅरेक्टरची टोळी. राक्षसाशी लढाई कशी चालवायची ते आपण सगळेच शिकलोय, पुस्तकात आहे, व्हिडिओ ढीगभर आहेत. पण टेबलावरच्या दोन खेळाडूंची कॅरेक्टर एकमेकांवर उठली की डीएमला, म्हणजे गेम चालवणाऱ्याला, कोण काही सांगत नाही. कोल्हापुरात जे कोण खेळताय, कॉलेजच्या कट्ट्यावरचे असा नाहीतर शनिवारी ऑफिस सुटल्यावर कुणाच्या गच्चीवर बसणारे, तुमच्या टेबलावर पीव्हीपी (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाई) झालं का, झालं तर कसं चालवलं, कुठले नियम लावले, आणि त्यानंतर ग्रुप टिकला का, ते सगळं लिहा. थेअरी नको, घडलेलं लिहा.

सुरुवात मी करतो. आमच्या रोगनं (चोर कॅरेक्टर) देवळातला मणी ढापला आणि पॅलाडिनला (धर्मयोद्धा) ते कळलं. पॅलाडिन म्हणाला मी तलवार काढतो. मी इनिशिएटिव्ह (पाळी कुणाची आधी ते ठरवणारा फासा) टाकायच्या आधी गेम थांबवला आणि कॅरेक्टरला नाही, समोर बसलेल्या दोघांना विचारलं, तुम्हाला दोघांना ही मारामारी पाहिजे काय? दोघंही हो म्हणाले. मग दुसरा प्रश्न, जिंकला तर काय मिळणार, हरला तर काय जाणार? ठरलं की हरणारा मरणार नाही, मणी मात्र जिंकणाऱ्याचा. २०१४ च्या नियमात जवळून केलेल्या वारानं कोण शून्य हिट पॉइंटवर (जीव मोजायचे गुण) आला तर मारणाऱ्याला त्याला नुसता बेशुद्ध पाडता येतं, बाणाला आणि लांबून टाकलेल्या स्पेलला (मंत्राला) ही सवलत नाही, म्हणून धनुष्य बाजूला ठेवायचं हेही आधीच ठरलं. पॅलाडिननं स्माइटवर स्माइट (त्याचे दैवी जोराचे वार) ओतले, रोग आडवा झाला, मणी गेला. पण दोन्ही खेळाडू शेवटपर्यंत उभं राहून खेळत होते आणि पुढच्या सेशनला दोघंही वेळेच्या आधी हजर.

राजारामपुरीतून

भावा, दोघांना विचारलंस ते बेस्ट, पण संमती असूनपण लढाई फुसकी होऊ शकते, त्याचं गणित सांगतो. हा गेम पार्टी विरुद्ध राक्षस असा बांधलाय. राक्षसाला हिट पॉइंट भरपूर देतात म्हणजे तो तीनचार राउंड टिकतो, आणि आपल्या कॅरेक्टरला मार भरपूर देतात पण हिट पॉइंट बेताचे, कारण मागं जखमा भरणारा क्लेरिक उभा असतोय हे धरलेलं असतंय. आता तीच कॅरेक्टर समोरासमोर उभी केली की काय होतं? पाचव्या लेवलचा विझर्ड (जादूगार), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, सरासरी घेतली तर ३२ हिट पॉइंट. फायरबॉल या स्पेलचा मार म्हणजे ८ डी ६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८. एक सेव्ह (स्पेलपासून वाचायचा फासा) चुकला की तो जवळजवळ संपला. आणि त्यालाच होल्ड पर्सन (जागीच खिळवणारं स्पेल) लागलं आणि शेजारी रोग उभा असला तर वार लागला की क्रिटिकलच (माराचे फासे दुप्पट), सहा फासे स्नीक अटॅकचे, दोन रेपियरचे, अधिक डेक्स्टेरिटी, सरासरी ३४, खेळ खलास. म्हणजे निकाल इनिशिएटिव्हलाच लागला, बाकीचा पाऊण तास नुसता दिखावा.

म्हणून आमच्यात पीव्हीपीला इनिशिएटिव्ह टाकतच नाही. दोघांनी आपापली कृती चिठ्ठीवर लिहायची, मी तीन म्हटलं की दोन्ही चिठ्ठ्या उघडायच्या, आणि मार राउंडच्या शेवटी एकदमच लावायचा. पडणाऱ्याचापण वार बसतो. काउंटरस्पेलसारखी, म्हणजे समोरच्याचं स्पेल तिथंच मोडणारी, रिअॅक्शन चिठ्ठी उघडल्यावर विचारायची, ती आधी लिहायला लावली तर बिचाऱ्या स्पेलवाल्यावर अन्याय होतो. यानं दोघं खरंच एकमेकांचं डोकं वाचायला लागतात, हा काय करेल, ढाल घेईल का पळेल, आणि बघणाऱ्यांनापण मजा येते. एकदा दोघांनीही चिठ्ठीवर 'मी शस्त्र खाली ठेवतो' असंच लिहिलेलं निघालं, टेबलावर सगळे उठून ओरडले. चिठ्ठीशिवाय ते झालंच नसतं.

कसबा बावड्यातून

आमच्याकडे बंद. सेशन झीरोलाच (खेळ सुरू व्हायच्या आधीची बैठक) सांगतो, पार्टीतल्या पार्टीत हत्यार नाही, खिसा कापणं नाही. सगळे दिवसभर एकाच कंपनीत शिफ्टला असतात, भांडण तिथं रोज होतंय, संध्याकाळी परत नको. आजवर कुणाची तक्रार नाही.

रुईकर कॉलनीतून

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलनीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना खेळवते. मुलांना बंद म्हटलं की त्यांना तेच करायचं असतं, म्हणून मी बंद नाही केलं. नियम एकच, ज्याच्यावर वार त्यानं सांगायचं लागला की नाही आणि लागला तर काय झालं. फासा नाही, हिट पॉइंट नाही. वार करणाऱ्याची सगळी हवा जाते कारण जिंकायला काही उरत नाही, आणि ज्याच्यावर वार झाला तो मात्र सगळ्यांचं लक्ष स्वतःकडे घेतो. एका मुलीनं सांगितलं की बाण लागला, पण माझ्या झोळीतल्या भाकरीला लागला. त्या दोघांची गोष्ट पुढं कितीतरी दिवस त्या भाकरीवरून चालली होती. आईबाप आणायला येतात तेव्हा कोण रडत घरी जात नाही, माझ्यासाठी ते फार महत्त्वाचं आहे.

नागाळा पार्कातून

मला मारामारीपेक्षा दुसऱ्या गोष्टीवर लिहायचंय. मार खायला माझी ना नाही, माझ्या बार्बेरियनला कुऱ्हाड लागली तर मी हिट पॉइंट वजा करते आणि पुढं जाते. पण एका ग्रुपमध्ये पार्टीतल्याच बार्डनं (गाणारा जादूगार) तिच्यावर चार्म पर्सन हे भुलवायचं स्पेल टाकलं आणि म्हणाला आता ती माझं सगळं ऐकणार, आणि मग तो माझ्या कॅरेक्टरच्या तोंडून बोलायला लागला, बाकीचे हसतायत. मी पुस्तक उघडून वाचून दाखवलं. चार्म पर्सन लागलं की टाकणारा ओळखीचा मित्र वाटतो आणि त्याच्यावर हल्ला करता येत नाही, बास. मनात येईल ते करून घेता येत नाही, आणि स्पेल संपलं की आपल्यावर काय केलं गेलं ते तिला पक्कं कळतं. तसंच पर्सुएशनचं (बोलून पटवायचा फासा), वीस पडू दे नाहीतर तीस, माझ्या कॅरेक्टरला काय पटतं ते मी ठरवणार.

तो ग्रुप मी सोडला. आता ज्या टेबलावर खेळते तिथं हे आधीच लिहून ठेवलंय, की दुसऱ्या खेळाडूच्या कॅरेक्टरचं मन ताब्यात घेणारं काहीही असेल, चार्म, सजेशन, डॉमिनेट, तर आधी त्या खेळाडूला विचारायचं. नुसतं मार देणारं स्पेल विचारल्याशिवाय चालतं. आणि टेबलाच्या मधे एक्स-कार्ड असतं, जॉन स्टाव्रोपोलस यांची कल्पना, कार्डाला हात लावला की तो प्रसंग तिथंच सोडायचा, कारण सांगायची सक्ती नाही. पीव्हीपी खेळायचं असेल तर हे कार्ड पाहिजेच असं माझं ठाम मत आहे. ज्याला थांबवता येतं तोच मोकळेपणानं लढतो.

शाहूपुरीतून

तालमीत जाणारा माणूस आहे मी, त्यामुळं आमच्या कॅम्पेनमधल्या शहरात आखाडा असणार हे ठरलेलंच होतं. दोघांचं वाजलं की त्यांनी शहरात मारामारी करायची नाही, आखाड्यात जोड लावायची. जोड या सेशनला जाहीर, कुस्ती पुढच्या सेशनला. मधल्या आठवड्यात निम्मी भांडणं आपोआप मिटतात, उरलेली खरी असतात.

आता नियम ऐका. हिट पॉइंट नाहीतच. ग्रॅपल (धरणं) आणि शव्ह (ढकलून पाडणं) फक्त. २०१४ च्या नियमात धरायला अॅथलेटिक्सचा (ताकदीचा) फासा टाकायचा, आणि समोरच्यानं अॅथलेटिक्स नाहीतर अॅक्रोबॅटिक्स (चपळाई), जे त्याचं भारी असेल ते. आधी धरायचं, मग पाडायचं. धरलेल्याचा वेग शून्य असतोय त्यामुळं पडला की त्याला उठता येत नाही, आधी सुटावं लागतंय. पडलेला आणि धरलेला असा तो आपल्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत राहिला की खांदे टेकले, निकाल. पांढऱ्या रेघेच्या बाहेर गेला तरी हरला, त्यामुळं मिस्टी स्टेपनं तीस फूट उडी मारून सुटणारा विझर्ड कुठं उतरतोय ते बघूनच उतरतो.

लोकांना वाटतंय बार्बेरियनच जिंकणार. नाही ओ. पाचव्या लेवलला बार्बेरियनचं अॅथलेटिक्स अधिक ७, रेजमध्ये (संतापून लढायची त्याची शक्ती) असला की दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, सरासरी साधारण २०.८ येते. अॅक्रोबॅटिक्समध्ये एक्स्पर्टाइज (खास कसब) घेतलेला रोग अधिक १०, एकच फासा, सरासरी २०.५. म्हणजे जोड बरोबरीची! आमच्यातली ही जोड चितपट व्हायला इतका वेळ लागला की बघणाऱ्यांनी पैजा लावून सोन्याची नाणी एकमेकांकडं सरकवली, सगळी कॅरेक्टरची नाणी. शेवटी रोग निसटता निसटता रेघेबाहेर गेला. उठल्यावर दोघांनी हात मिळवले, टेबलावरपण मिळवले. आखाड्यात वैर ठेवत नाहीत ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, ते या गेममध्ये आणायचं होतं मला.

शिवाजी पेठेतून

सगळ्यांनी आधी विचारायचं म्हटलंय, मला थोडं वेगळं म्हणायचंय. आधी विचारलं की गद्दारीची गंमत जाते. पण गद्दारी फसवणूक न करतापण करता येते. आम्ही सेशन झीरोला सगळ्यांकडून एवढंच कबूल करून घेतलं की या पार्टीत एक फितूर असू शकतो, असेलच असं नाही. कोण ते फक्त डीएमला म्हणजे मला आणि त्या खेळाडूला माहीत. अख्खा पावसाळा सगळे एकमेकांकडं संशयानं बघत खेळले. फितूर उघडा पडला त्या संध्याकाळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलेलं, आमच्यातला नदीपलीकडं राहणारा एकजण निघायची घाई करत होता आणि तरी उठत नव्हता.

आमचा नियम असा की फितूर उघडा पडल्यावर एकच राउंड खेळाडूच्या हातात, नंतर ते कॅरेक्टरचं शीट (त्याची माहिती लिहिलेला कागद) माझ्याकडं. तो खेळाडू लगेच नवीन कॅरेक्टर घेऊन पार्टीच्या बाजूनं बसतो, आणि आपल्याच जुन्या कॅरेक्टरला पकडायला सगळ्यात पुढं असतो. राग माणसावर उरत नाही, माझ्याकडच्या शीटवर जातो. १९८४ च्या पॅरानॉइया या गेममध्ये प्रत्येकाला सहा क्लोन देतात, मेला की पुढचा येतो, तिथं तर एकमेकांना संपवणं हाच खेळ आहे आणि कुणाला वाईट वाटत नाही. डी अँड डीमध्ये दीड वर्ष जपलेलं एकच कॅरेक्टर असतं, म्हणून ही शीटची सोय करावीच लागते.

उद्यमनगरातून

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. दोघं लढतायत तेव्हा बाकीचे तिघं काय करतायत? मोबाईल बघतायत. मी त्यांना कामाला लावतो. एकाला शहराचा कोतवाल देतो, एकाला गर्दी, एकाला तिथं असलेलं कुत्रं किंवा छप्पर किंवा पाऊस, काहीही. प्रत्येक राउंडला त्यांनी एक गोष्ट बदलायची. आणि तीन राउंडात लढाई संपली नाही तर कोतवाल दोघांनाही धरून नेतो, मग पार्टीनं त्यांना सोडवायचं. तुरुंगातनं सोडवण्याचं सेशन आमचं सगळ्यात भारी झालंय, दोघं एकाच कोठडीत आणि बोलायला दुसरं कोण नाही, काय काय बोलले ते!

धागा सुरू करणारा

वाचतोय सगळं, भारी लिहिताय. शाहूपुरीच्या दादांना एक विचारायचंय. २०२४ च्या नियमात ग्रॅपलला आता अॅथलेटिक्सची टक्कर नाही, समोरच्यानं स्ट्रेंग्थ नाहीतर डेक्स्टेरिटीचा सेव्ह करायचा, डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, ८ अधिक धरणाऱ्याची स्ट्रेंग्थ अधिक प्रोफिशियन्सी (लेवलनुसार वाढणारा आकडा). म्हणजे बार्बेरियनच्या रेजचा फायदा धरताना मिळणार नाही आणि रोगच्या एक्स्पर्टाइजचा सेव्हला उपयोग नाही. आमचा ग्रुप नव्या पुस्तकावर गेलाय आणि आम्हाला तो आखाडा पाहिजे. तुम्ही जुनीच टक्कर ठेवाल का सेव्ह घ्याल? आणि नव्या नियमावर कुणी कुस्ती लावली असेल तर त्यांनीपण लिहा, कुठली जोड होती तेपण सांगा.