पेट्रोल टाकीवरचा पोचा मूळ रंग न बिघडवता काढता येईल का?

मोंढा_परभणी

नमस्कार. माझ्याकडे १२५ सीसीची, बीएस ६ इंजिनाची काळी मोटारसायकल आहे. मागच्या आठवड्यात ती मोंढ्याच्या आवारात साइड स्टँडवर उभी असताना पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत स्टँड रुतला आणि गाडी शेजारच्या गाडीवर कलंडली. त्या गाडीच्या हँडलचे टोक टाकीच्या डाव्या अंगाला बसून तळहातात मावेल एवढा पोचा पडला आहे. मध्यभागी त्याची खोली चार-पाच मिलिमीटर असावी. रंग कोठेही तडकलेला नाही, परंतु पोच्याचे खालचे टोक गुडघा टेकतो तेथील उठावदार कडेपर्यंत पोहोचले आहे.

येथील एका गॅरेजमध्ये दाखवले असता, पत्रा ओढून लांबी (खड्डा बुजवण्याची पुट्टी) भरावी लागेल आणि सगळी टाकी नव्याने रंगवावी लागेल, असे सांगण्यात आले. कंपनीचा रंग घालवण्याची माझी तयारी नाही. केस वाळवण्याच्या ड्रायरने टाकी तापवून लगेच बर्फ लावला की पोचा आपोआप वर येतो, असे काही चित्रफितींत दाखवतात. त्यात तथ्य आहे का? गोंद लावून पोचा ओढतात त्यात रंग निघून येण्याची भीती किती? आणि आतून दाबून तो काढता येतो का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ_नांदेड

दादा, ड्रायर आणि बर्फाचा उपाय आमच्या घरच्या कारच्या मागील बंपरवर लागू पडला होता, त्यामुळे टाकीवरही करून पाहण्यास हरकत नसावी, असे मला वाटते. खर्च काहीच नाही. आणखी एक सुचवतो. आमच्याकडे पावसाळ्यात रानात गाडी लावताना स्टँडखाली फरशीचा तुकडा किंवा पत्र्याच्या डब्याचे झाकण ठेवतात. काळ्या मातीचा भरवसा धरू नये.

रंगकाम_वाळूज

फरशीच्या तुकड्याशी सहमत आहे, ड्रायरशी नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो. तापवला की तो मऊ होतो आणि साच्यातील मूळ आकाराकडे परत जाऊ पाहतो, म्हणून तेथे यश येते. टाकी पोलादी पत्र्याची आहे. पोलादाचा दहा सेंटीमीटरचा तुकडा साठ अंशांनी तापवला तरी तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही वाढत नाही, आणि तुमचा पोचा चार-पाच मिलिमीटर खोल आहे. एखाद्या सपाट, मोठ्या पत्र्यावरचा उथळ पोचा, जो केवळ ताणामुळे आत अडकून बसलेला असतो, तो अशा झटक्याने ‘टक्’ आवाज करून बाहेर येतोही. परंतु ज्या पत्र्याला कायमचा बाक आला आहे त्याला तापमानाच्या फरकाने काही होत नाही. उलट, तापलेल्या रंगावर अचानक बर्फ पडल्याने वरच्या पारदर्शक लेपाला बारीक तडे जाण्याची शक्यता वाढते.

मी वाळूज परिसरात दुचाकीच्या पत्र्याच्या भागांचे रंगकाम पाहतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. कारखान्यात टाकीचा पत्रा आधी रासायनिक द्रावणांत धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर चढवला जातो, नंतर प्रायमर, रंग आणि पारदर्शक लेप देऊन ती साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजली जाते. हा रंग पत्र्याला असा धरून बसतो की ओढताना बहुधा गोंदच आधी सुटतो. गॅरेजमध्ये दिलेला रंग मात्र एवढ्या उष्णतेत भाजता येत नाही, कारण टाकीवर लांबी असते, आणि लांबीला ती उष्णता सोसत नाही. अशा टाकीवर गोंद ओढला की रंगाचा पापुद्राच हातात येतो. म्हणून पोचा किती खोल आहे, यापेक्षा टाकीवरचा रंग पहिलाच आहे की दुसरा, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाडी तुम्ही नवीन घेतली होती की वापरलेली, हे तुम्ही लिहिलेले नाही.

तपासण्याचा सोपा मार्ग असा. एक छोटे, फार जोरकस नसलेले लोहचुंबक पातळ सुती कापडात गुंडाळून टाकीवर सगळीकडे लावून पाहावे. खाली लांबी असेल तेथे त्याची पकड एकदम ढिली पडते. त्यानंतर सीट काढून टाकीची मागची कडा आणि झाकणाभोवतीची रबरी पट्टी पाहावी. तेथे रंगाची पायरी किंवा उडालेले तुषार दिसले, तर टाकी पूर्वी रंगवलेली आहे असे समजावे.

दोन उपाय कोणी सुचवले तरी करू नयेत. पहिला, टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरणे. टाकी दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते. पोचा जागचा हलण्याआधीच तिचा खालचा, चेसिसवर बसणारा बोगद्यासारखा भाग फुगतो किंवा जोड उघडतात. दुसरा, टाकीत पाणी भरून ते गोठवणे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ते फुगणे पोच्याकडेच जाईल, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, पेट्रोल काढून टाकलेली टाकी सुरक्षित झाली, असे कृपया समजू नका. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की आत पेट घेण्यापुरती हवाच उरत नाही. धोका रिकाम्या टाकीत जास्त. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली जमिनीलगत पसरते. त्यामुळे ड्रायर असो, गोंदाची गन असो किंवा जवळची शेगडी असो, यांपैकी काहीही उघड्या टाकीजवळ नको.

पत्राकाम_लातूर

वाळूजच्या साहेबांनी रंगाबद्दल लिहिले आहे ते योग्यच आहे. मी लातूरला रंग न देता पोचे काढण्याचे काम करतो. गिऱ्हाईक बहुतेक कारचे असते, पण टाक्याही येतात. टाकीचे काम अवघड मानतात, कारण दाराच्या पत्र्यामागे सळई घालता येते तशी इथे सहज घालता येत नाही. आत जाण्याची वाट म्हणजे झाकणाचे तोंड आणि खालचे पंपाचे तोंड. बीएस ६ गाड्यांत पंप बहुधा टाकीच्या आतच असतो आणि तो काढला की बऱ्यापैकी मोठे तोंड मिळते, तेथून टेप गुंडाळलेली वाकडी सळई डाव्या अंगापर्यंत पोहोचू शकते. पण पेट्रोलची नळी दाबाखाली असते. तो दाब उतरवल्याशिवाय जोड सोडू नये आणि परत बसवताना पंपाचे रबरी सील नवीनच घालावे. शिवाय सळईचे टोक कोठे टेकले आहे हे बाहेरून ओळखण्याचा सराव नसेल, तर पोचा निघण्याऐवजी शेजारी बारीक उंचवटे येतात. हे काम घरी करू नका.

बाहेरून गोंदाने ओढण्याची रीत अशी आहे. टाकी गाडीवरून उतरवून, रिकामी करून, झाकण लावून मोकळ्या हवेत सावलीत ठेवावी. पोच्यावरचे मेण आणि पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे. मग टाकीवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाडून पाहावे. चांगल्या पत्र्यावर ती रेघ सरळ वाहते, पोच्यावर आत ओढली जाते आणि पोच्याच्या काठाशी उलट बाहेर फुगते. काठाचा हा फुगवटा कित्येकांच्या लक्षातच येत नाही. खरे तर पोच्याला आत धरून ठेवणारा तोच असतो, त्यामुळे मध्यभाग ओढत असतानाच अधूनमधून नायलॉनच्या ठोकणीने त्या काठावर हलके टोले द्यावे लागतात.

गरम गोंद प्लॅस्टिकच्या टॅबवर (पकडून ओढता येईल अशा छोट्या तुकड्यावर) लावून टॅब पोच्यात चिकटवावा. गोंद निवून हाताला जेमतेम कोमट लागेपर्यंत थांबावे आणि मग टॅब ओढण्याच्या अवजाराचा स्क्रू सावकाश फिरवावा. एका ओढीत पोचा काढण्याची घाई केली, तर मध्ये टोकदार गाठ येते. प्रत्येक ओढीनंतर गोंदाच्या कडेवर अल्कोहोलचे थेंब सोडावेत. क्षणभरात तो कडेने पांढुरका होऊन अलगद सुटतो. ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, रंग जातो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी.

आपल्या भागात हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपुढे गेला की दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावता येत नाही, आणि अशा पत्र्यावर गोंद धरतच नाही. थंडीच्या पहाटे तो उलट कडक होऊन अवेळी सुटतो. सध्याच्या दिवसांत सकाळी ऊन चढण्यापूर्वीची वेळ ठीक आहे.

तुमच्या पोच्याचा मधला गोल भाग बऱ्यापैकी बाहेर येईल. कडेवरचे टोक मात्र पूर्ण जाणार नाही, कारण घडीवर पत्रा दुमडलेला असतो आणि तेथे जोर लावला की रंग तडकतो. तेवढी खूण राहू द्यावी लागेल.

मोंढा_परभणी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी मी नवीनच घेतली होती. चुंबक लावून पाहिले, पकड सगळीकडे सारखी आहे आणि मागच्या कडेवरही रंगाची पायरी दिसत नाही. कडेवरची खूण राहिली तरी चालेल. टाकी उतरवून लातूरला घेऊन येण्याचा विचार आहे. एकच शंका उरते. पोच्याच्या वरच्या काठावरून गाडीच्या नावाचा स्टिकर जातो. त्याच्यावरच टॅब चिकटवता येईल का?

पत्राकाम_लातूर

स्टिकरच्या कडेवरून नख फिरवून पाहा. नख अडकले नाही, तर स्टिकर पारदर्शक लेपाखाली आहे आणि त्याच्यावर बेतानेच ओढता येईल. तेथे मी बाहेरून कमी आणि आतून जास्त काम करतो. नख अडकले, तर तो वरून चिकटवलेला आहे आणि गोंदासोबत फाटून येणारच. तो आधीच काढून ठेवा. गरम पाण्यात पिळलेले फडके त्यावर थोडा वेळ ठेवून एका कोपऱ्यापासून, वर न उचलता जवळजवळ टाकीला समांतर ओढत सोलावा. नवीन स्टिकर शोरूमच्या सुट्या भागांत मिळतो. दोन्ही बाजूंचे मिळून घ्या, कारण उजव्या बाजूचा उन्हाने विटलेला असेल आणि नव्याशेजारी तो लगेच डोळ्यांत भरतो. टाकी आणताना झाकणाची किल्ली विसरू नका.