गल्ल्यावर हिशेब चोख, वहीत मात्र "आई, बेरीज करू का वजाबाकी?"

पेठेतली आई

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं किराणा मालाचं छोटं दुकान आहे. लेक तिसरीत, मराठी शाळेत. शाळा सुटली की दप्तर टाकून थेट गल्ल्यापाशी येते. गिऱ्हाईक ६३ रुपयांचा माल घेऊन शंभरची नोट देतं आणि ही माझ्याआधी ३७ रुपये काढून ठेवते. चुकत नाही.

वही उघडली की सगळं उलटं. उभी मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी येते, हातच्याचीसुद्धा. पण शाब्दिक उदाहरण आलं की वाचून संपायच्या आधीच विचारते, "आई, बेरीज करू का वजाबाकी?" मी सांगितलं की बरोबर करते. नाही सांगितलं तर माझ्या तोंडाकडं बघत एक काहीतरी धरते, आणि माझा चेहरा बदलला की खोडून दुसरं करते.

परवाचं उदाहरण जसंच्या तसं देते. "एका व्यापाऱ्याकडे ४५० किलो गूळ होता. त्याने १८५ किलो गूळ विकला. तर किती किलो गूळ शिल्लक राहिला?" हिनं लिहिलं ६३५. मी म्हटलं, अगं विकल्यावर गूळ वाढतो होय? तर रडायलाच लागली. गुळाच्या रव्यांत, ढेपांत खेळत वाढलेली पोर, तिला विकणं म्हणजे काय हे कळत नाही असं कसं म्हणू? त्या रात्री मी ओरडले तिच्यावर, त्याचं अजून वाईट वाटतंय. आता गणिताचा तास असला की पोट दुखतं म्हणते.

मी बारावीपर्यंत शिकलेय. शिकवणी लावू, का घरीच काही करता येईल?

शिकवणीवाला, राजारामपुरी

ताई, घाबरू नका, हे बहुतेक मुलांचं होतं. एक तक्ता करून अभ्यासाच्या जागी चिकटवा. एकूण, मिळून, सर्व म्हणजे बेरीज. उरले, शिल्लक, कमी म्हणजे वजाबाकी. प्रत्येकी असेल तर गुणाकार नाहीतर भागाकार. रोज दहा उदाहरणं सोडवून घ्या, महिन्याभरात हात बसेल.

निवृत्त बाई

ताई, ओरडलात ते पोर विसरेल. पोट दुखतंय ते मात्र हलक्यात घेऊ नका. आठवडाभर वही बाजूला ठेवा.

मी पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं पहिली ते चौथी शिकवलं. राजारामपुरीचे सर, तुमचा तक्ता मीही पहिली कितीतरी वर्षं वर्गात लावत होते, म्हणून कळकळीनं सांगते, तो काढून टाका. "टोपलीतली ७ अंडी फुटली, ११ उरली, तर आधी किती होती?" 'उरली' दिसलं की तक्त्यावर शिकलेलं पोरगं ११ मधून ७ घालवतं. ते गोष्ट वाचतच नाही, शब्द हुडकतं. आणि तक्ता पाठ असलेल्या पोराची चूक लवकर सापडतही नाही, कारण निम्मी उदाहरणं त्याची बरोबर येतात.

१९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला दुसरी-तिसरीच्या मुलांना एक प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांवरनं वय काढून दिलं. हे वाचलं तेव्हा मी शाहूवाडीकडं धनगरवाड्याजवळच्या शाळेवर होते. कप्तानाच्या जागी धनगर घालून फळ्यावर लिहिलं. माझ्या हाताखाली तयार झालेल्या वर्गानं धडाधड ३६ लिहिलं. त्यातल्या चार पोरांच्या घरी मेंढरं होती! त्यांनीही ३६ च लिहिलं. त्या दिवशी मला कळलं की वहीतलं जग आणि घरातलं जग वेगळं असतं हे मीच त्यांना शिकवून ठेवलंय.

तुमच्या लेकीचंही तेच आहे. एक करा, सुट्टे देताना ती काय पुटपुटते ते नीट ऐका. माझा अंदाज, "त्रेसष्ट आणि सात सत्तर, सत्तर आणि तीस शंभर" असं काहीतरी म्हणत असेल. म्हणजे ती शंभरातून त्रेसष्ट घालवतच नाही, त्रेसष्टपासून पुढं चढत जाते. हिशेब पक्का आहे, पण त्याला 'वजाबाकी' म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या दृष्टीनं सुट्टे देणं म्हणजे भर घालत जाणं.

आता घरी काय करायचं ते सांगते. उदाहरणातले आकडे कागदाच्या चिटोऱ्यानं झाका आणि 'काही' म्हणून वाचा. "म्हशीनं काही लिटर दूध दिलं. त्यातलं काही डेअरीला घातलं. घरात किती राहिलं?" मग तिला तिच्या शब्दांत सांगू द्या, काय झालं. घरातलं दूध जास्त, का म्हशीनं दिलेलं जास्त? हे तिनं सांगितलं की मगच चिटोरे काढायचे. आकडे दिसले की पोरं त्यांच्यावर झडप घालतात, म्हणून ते शेवटी. दिवसाला दोन उदाहरणं पुरेत, दहा नकोत.

दुसरं, आपल्या मराठीत नाव कुठंही ठेवता येतं, सगळा भार 'ने' आणि 'ला' वर. "सईला रवीने ५ गोट्या दिल्या" यात सई आधी आली, म्हणून सईनं दिल्या असं समजणारी पोरं मी दरवर्षी बघितलीत. वाचायला येतं, पण ते 'ला' डोळ्यांखालून निसटतं. बोट ठेवून विचारायचं, गोट्या कुणाच्या खिशातनं गेल्या?

सगळ्यात अवघड 'पेक्षा'. "सईकडे १२ गोट्या आहेत. तिच्याकडे रवीपेक्षा ५ जास्त आहेत. रवीकडे किती?" चौथीची हुशार पोरंसुद्धा १७ सांगतात, 'जास्त' म्हटलंय ना! इथं तोंडानं समजावून उपयोग नाही. चिंचोके घ्या. सईची ओळ मांडा, तिच्यासमोर रवीची ओळ मांडायला सांगा, एकासमोर एक. सईची ओळ लांब हवी का रवीची, एवढंच विचारा. महिनाभर चिंचोके झाले की वहीत दोन पट्ट्या काढायच्या, एक लांब, एक आखूड. पट्टी काढता आली की अर्धं काम झालं.

आणि उलटं काम तिला द्या. "१५ − ६" लिहून म्हणा, याची दुकानातली गोष्ट तयार कर. गोष्ट जुळवताना ती कुठं अडते ते तुम्हाला लगेच दिसेल. शिकवणी सध्या नको.

दोन पोरांचा बाप, उचगाव

बाईंच्या बोलण्याला जोड देतो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलाय. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी चोख करत होती, पण तसलंच गणित शाळेच्या पद्धतीनं मांडून दिलं की अडत होती. उलट शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडत होती. म्हणजे दोन्हीकडचा सांधा आपोआप जुळत नाही, कुणीतरी जुळवून द्यावा लागतो. ताई, तुमच्याकडं दुकान आहे, तुम्हाला ते घरबसल्या जमेल.

बाई, माझा थोरला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतोय. एका पेपरात ७५ प्रश्न, ९० मिनिटं. आकडे झाकत बसायला वेळ कुठला?

निवृत्त बाई

परीक्षेत झाकायचं नाही, दादा. घरी झाकायची सवय लागली की परीक्षेत डोळा आपोआप आधी गोष्टीवर जातो. एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. त्यातली २० वाचण्यात गेली तर चालतील. न वाचता केलेलं खोडण्यात त्याहून जास्त जातात.

पेठेतली आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी बाईंना नमस्कार.

सुट्टे देताना कान लावून ऐकलं. अगदी तसंच! "त्रेसष्ट, सात सत्तर, तीस शंभर." इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी आहे आणि मी कधी ऐकलं नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. गुळाचं तेच उदाहरण आकडे झाकून परत वाचलं. गोष्ट सांग म्हटलं तर बरोबर सांगितली, "गूळ होता, थोडा विकला." आणि शिल्लक म्हणजे काय गं? तर म्हणाली, "रात्री पप्पा करतात ती."

माझ्या अंगावर काटाच आला. आमचे हे रोज रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजतात आणि मोठ्यानं म्हणतात, "सकाळचे इतके होते, विक्री इतकी झाली, शिल्लक इतकी." पोर रोज शेजारी बसून ऐकते. होते, विकले, शिल्लक. तिन्ही शब्द तेच, आणि आमच्या घरी त्याची रोज बेरीज होते. तिनं ४५० आणि १८५ मिळवले यात तिचं काय चुकलं? आणि मी तिला रडवलं.

मी गुळाचा एक रवा तिच्यासमोर ठेवला, बाजूला गल्ल्याचा डबा ठेवला आणि विकण्याचा खेळ केला. दोनदा विकल्यावर ती स्वतःच म्हणाली, "आई, पैशाची शिल्लक वाढली, गुळाची कमी झाली." मग चिटोरे काढले. तिनं उभी वजाबाकी मांडली नाही. म्हणाली, "एकशे पंच्याऐंशी आणि पंधरा दोनशे, दोनशे आणि अडीचशे साडेचारशे." खाली लिहिलं २६५.

पोटदुखी गेल्या आठवड्यात एकदाच झाली. 'पेक्षा' अजून येत नाही, चिंचोके चालू आहेत. बाई, एकच विचारते, तिची ही चढत जायची रीत मोडायची का? शाळेत उभी मांडणीच मागतात.

निवृत्त बाई

मोडू नका, ताई. तिच्या रीतीनं उत्तर काढू द्या, मग शेजारी उभी मांडणी करू द्या आणि दोन्ही जुळतात का ते तिलाच बघू द्या. जुळलं नाही तर कुठलं चुकलं हेही तीच शोधेल. आणि तिच्या पप्पांना सांगा, रात्रीची शिल्लक मोठ्यानंच म्हणत राहा, फक्त "पैशाची शिल्लक" म्हणा.